प्लॅनर लोकांच्या संघटनेत छळाची तक्रार आलीये, मी नेमकं काय करू?

रेखांकन

नमस्कार मंडळी. इथे बरेच आर्किटेक्ट, प्लॅनर, नगररचना खात्यातले लोक आहेत आणि एकदोन वकीलही आहेत म्हणून इथेच विचारतेय. लांबलचक झालंय, सांभाळून घ्या.

मी नगररचनाकारांच्या एका संघटनेच्या एका शाखेत यंदा सहसचिव म्हणून निवडून आले. निवडून आले म्हणजे काय, फॉर्म भरणारी दुसरी कोणी बाईच नव्हती आणि 'एक तरी लेडीज हवी बुवा' असं कोणाला तरी आठवलं. अकरा जणांच्या कार्यकारिणीत मी एकटी. आत्तापर्यंत माझं काम म्हणजे मिनिट्स लिहिणे आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला कोण ते ठरवणे (कोण म्हणजे कोणती मुलगी).

तर मध्यंतरी एक तरुण मेंबर माझ्या घरी आली. छोट्या कन्सल्टन्सीत काम करते, सहासात जणांचं ऑफिस. ऑफिसनेच तिला आमच्या वर्कशॉपला बाहेरगावी पाठवलं होतं. तिथे आमचे एक माजी अध्यक्ष, सगळे नुसतं 'सर' म्हणतात, ते मेंबरशिपच्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पॅनलवर असतात. जेवणानंतर 'रूमवर ये, तुझा रिपोर्ट बघून देतो' इथपासून सुरुवात. ती गेली नाही. परतताना गाडीत तिच्याच शेजारी बसले आणि मग हात. मग घरी आल्यावर मेसेज. एक तर तिने मला दाखवला, व्हॉट्सॅपच्या फोटोवरून, 'तुझा डीपी आम्ही हरकती न मागवताच मंजूर केला' आणि पुढे डोळा मारणारा इमोजी. आपल्या लायनीतला विनोद आहे, विकास आराखडा आणि प्रोफाइल फोटो दोन्ही डीपीच, कोणी चारचौघांत सांगितला असता तर कदाचित मीही हसले असते. रात्री पावणेबाराला आलेला मेसेज आहे.

मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, हे बघ, आपण एक कुटुंब आहोत. सरांचं वय बघ, योगदान बघ, येत्या अधिवेशनात त्यांचा सत्कार ठरलाय, पत्रिका छापायला गेल्यात. ते पॉश-बिश (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) आपल्याला लागू नाही, आपण काय कंपनी आहोत का, आपल्याकडे पगारी माणसं दोन. आणि मग म्हणाले, 'तू तिला समजाव, एक बाई म्हणून.'

मुलीला पोलिसात जायचं नाहीये, निदान आत्ता तरी. तिचं म्हणणं इतकंच की व्हायवाला त्यांच्यासमोर बसायला लागू नये आणि स्टेजवर त्यांना शाल घालताना टाळ्या वाजवायला लागू नयेत. तिच्या बॉसला सरांकडून कामं मिळतात त्यामुळे ऑफिसात सांगायची सोय नाही.

कायदा खरंच लागू होत नाही का? आणि नसेल होत तर मी एकटी काय करू शकते? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(संपादन: खालच्या सूचनेवरून गाव, महिना आणि वर्कशॉपचा विषय काढला आहे.)

---

कलमकसाई

सगळ्यात आधी, ताई, धाग्यातलं गाव आणि वर्कशॉपचा विषय आत्ताच्या आत्ता काढा. पॉश कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारदार, ज्याच्यावर तक्रार आहे तो, साक्षीदार, कोणाचीच ओळख बाहेर यायला नको. प्लॅनर मोजके, दोन तपशील दिले की लोक ओळखतात. आणि उद्या हाच धागा दाखवून समोरचा म्हणेल की माझी बदनामी केली.

आता मुद्दा. मी काही ऑफिसांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते, त्यामुळे थोडं सांगू शकते.

तुमचे अध्यक्ष अर्धं बरोबर बोलतायत, आणि अर्धं बरोबर हेच धोक्याचं असतं. २०१३ चा कायदा (लागू झाला ९ डिसेंबर २०१३ ला) मालक-नोकर या नात्यावर उभा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती पाहिजेच, तुमच्याकडे दोन आहेत म्हणजे त्या अर्थाने सक्ती नाही. आणि मेंबर म्हणजे काही संस्थेचे नोकर नव्हेत. २०२५ च्या जुलैत मुंबई हायकोर्टाने बार कौन्सिलबद्दल हेच सांगितलं, की वकील हे कौन्सिलचे नोकर नाहीत, तेव्हा वकिलांच्या आपसातल्या तक्रारींसाठी या कायद्याखाली समिती नेमायची सक्ती नाही, कौन्सिलच्या स्वतःच्या स्टाफसाठी आहे. आम्हा वकिलांचंच हे, त्यामुळे मला जरा जास्तच लागलंय ते.

पण म्हणून त्या मुलीला कायदाच नाही असं बिलकुल नाही! ती कोणाची तरी नोकर आहे. तिच्या ऑफिसने तिला वर्कशॉपला पाठवलं. कामानिमित्त जिथे जावं लागलं ती जागा म्हणजे कायद्याने कामाचंच ठिकाण. तिचं ऑफिस दहाच्या आतलं, म्हणजे तिने जायचं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा, समिती प्रत्येक जिल्ह्यात असायला पाहिजे. समोरचा माणूस तिच्या ऑफिसचा नाही म्हणून घेणार नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये एका सरकारी खात्याच्या प्रकरणात सांगितलंय की बाई आपल्या स्वतःच्या ठिकाणच्या समितीकडे दुसऱ्या ठिकाणच्या माणसाविरुद्ध तक्रार करू शकते, आणि पुढे सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं.

मुदत तीन महिने. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून देता येते. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, एकामागून एक प्रकार घडत असतील तर मुदत शेवटच्या प्रकारापासून मोजायची. म्हणजे तो डीपीवाला मेसेज महत्त्वाचा आहे, किती तारखेचा आहे ते बघा. काहीही डिलीट करू नका, ब्लॉक करायच्या आधी चॅट एक्सपोर्ट करून कुठेतरी ठेवा, नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. गाडीत अजून कोण होतं, ड्रायव्हर कोण, त्या रात्री तिने कोणाला फोन केला का, आईला, मैत्रिणीला, सगळं तारखांसकट तिला तिच्या शब्दांत लिहून काढायला सांगा. तुम्ही लिहून देऊ नका. तिला अगदीच शक्य नसेल तर तिच्या लेखी संमतीने प्रकार माहीत असलेली व्यक्ती तक्रार देऊ शकते, पण तो दुसरा पर्याय.

पोलिसांचं दार वेगळं आहे आणि ते उघडंच राहतं. भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळाचं, जुनं ३५४ अ. समितीकडे गेलं म्हणून पोलिसात जाता येत नाही असं काही नसतं.

आता कडू गोष्ट. समितीने उद्या तुमच्या बाजूने निष्कर्ष दिला तरी शिफारस अंमलात आणायची कोणी? समिती मालकाला सांगते, याचा पगार कापा, बढती रोखा. सरांना मालकच नाही. आर्किटेक्टांना निदान १९७२ चा कायदा आहे, कौन्सिल आहे, रजिस्ट्रेशन आहे. तुम्हा प्लॅनरांना तसा कायदाही नाही, म्हणजे लायसन्स काढून घ्यायची सोय नाही. सरांकडे जी काही ताकद आहे ती तुमच्या संस्थेने दिलेली आहे. पॅनलवरची खुर्ची, स्टेज, शाल, 'माजी अध्यक्ष' लिहिलेलं लेटरहेड. ते काढून घेणंही संस्थेच्याच हातात आहे, कोर्टाच्या नाही. म्हणून तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे.

---

सडेतोड नाना

दुसरी बाजू कोणीच ऐकलेली नाही आणि निकाल लागून मोकळा. मीही एका संस्थेवर होतो. एका माणसाचं तीस वर्षांचं नाव एका मेसेजवरून मातीत. पाठीवर थाप मारली तरी आजकाल... असो. विनोद कळत नसेल तर ब्लॉक करा ना. आणि बदनामीचा दावा लागला तर सहसचिव बाई एकट्या पडतील, तेव्हा हे सल्ले देणारे कुठे असतील?

---

नगररचना_निवृत्त

नाना, दुसरी बाजू ऐकायलाच पाहिजे, शंभर टक्के. हरकती-सूचना घेतल्याशिवाय आराखडा मंजूर करू नये हे मी खात्यात तीस वर्षं ऐकलं. पण तुमचं म्हणणं असं दिसतंय की प्रारूपच प्रसिद्ध करू नका, म्हणजे हरकतीचा प्रश्न येत नाही.

रेखांकन, बाळ, तुझं वाचून मला माझे दिवस आठवले. मी लागले तेव्हा ऑफिसात रचना सहायक म्हणून मी एकटी बाई, एक अनुरेखक बाई होत्या पण त्या ट्रेसिंग टेबल सोडून कुठे जात नसत. विद्यमान भूवापराच्या सर्व्हेला जीपने जायचं, सकाळी निघालं की संध्याकाळ. पाणी प्यायचं नाही कारण जायचं कुठे. जीपमध्ये पुढे साहेब, मागे आम्ही. काही दिवसांनी साहेब म्हणायला लागले, मॅडम पुढे बसा, मागे धूळ येते. पुढच्या सीटवर दोघांच्या जागेत तिघं. गिअर बदलताना हात लागायचा, पण गाडी तर ड्रायव्हर चालवायचा, साहेबांना कसला आलाय गिअर. ड्रायव्हरला सगळं कळायचं. तो बिचारा मुद्दाम चहाला थांबायचा आणि मला म्हणायचा, ताई आता मागं बसा, मागची सीट झाडून ठेवलीय. माझ्या आयुष्यातली तक्रार निवारण समिती म्हणजे तो ड्रायव्हर.

मी तक्रार केली नाही. बदली मागून घेतली. सर्व्हिस बुकात 'विनंतीवरून बदली' अशी नोंद आहे, आणि त्यामुळे पुढे माझी विनंती बदलीची संधी गेली, जेव्हा सासूबाई आजारी होत्या तेव्हा. हे कोणाला सांगणार?

१९९७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला, कामाच्या ठिकाणी छळाच्या तक्रारींसाठी समित्या नेमा असं सांगणारा. राजस्थानातली भंवरी देवी, सरकारचंच काम करत होती, साथीण होती, बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, त्यातून ते सगळं उभं राहिलं. आमच्याकडे नंतर परिपत्रक आलं. समिती झाली. माझं नाव समितीत आहे हे मला नोटीस बोर्डवर कळलं! बैठक एकही झाली नाही, वर्षाच्या शेवटी 'तक्रारी निरंक' असा अहवाल सहीला आला आणि मी सही केली. केली हो मी सही.

संघटनेतही तेच. सेमिनार संपला की पुरुष मंडळी 'बसायला' जात आणि पुढच्या वर्षीचं पॅनल, कोणाला कुठलं काम, हे तिथेच ठरे. आम्ही बायका जेवून रूमवर. सकाळी कळायचं की काय ठरलं. म्हणून मी म्हणते की नुसती तक्रारीची पेटी लावून भागणार नाही, निर्णय कुठे बसून होतात ते बघ.

तुला एकच सांगते, तो 'एक बाई म्हणून समजाव'वाला निरोप तू तिला पोचवू नकोस. अध्यक्षांना लेखी विचार की मी तिला काय समजवायचं ते कृपया लिहून द्या. देणार नाहीत.

---

पिवळा झोन

निवृत्त मॅडम __/\__

मी पुरुष आहे, वय ३४, अशाच एका संस्थेचं अधिवेशन असायचं तेव्हा आम्ही पोरं व्हॉलंटियर असायचो. माझ्याकडे गाड्यांचं काम होतं, कोण कुठल्या गाडीत, यादी माझ्या हातात. दर वर्षी दोनतीन मुली येऊन हळूच सांगायच्या, दादा मला अमुक सरांच्या गाडीत टाकू नको. मी टाकायचो नाही. आणि मला वाटायचं मी किती चांगला आहे.

पण त्या गाडीत कोणीतरी बसायचंच ना. जिला माहीत नाही ती बसायची, नवीन आलेली, बाहेरच्या कॉलेजची, जिला सांगायला कोणी सिनिअर मैत्रीण नाही ती. हे मला तेव्हा सुचलंच नाही, खरंच नाही सुचलं. आम्हा मुलांमध्ये तर त्यावर जोक चालायचे, सरांच्या गाडीचं 'आरक्षण' म्हणून. मीही मारलेत.

रेखांकन ताई, तुमच्या शाखेतले माझ्यासारखे गाड्यावाले, रजिस्ट्रेशन डेस्कवाले, फोटोवाले शोधा. सगळं माहीत असतं त्यांना. ती मुलगी पहिली नसणार. आणि त्यातला एखादा लिहून द्यायला तयार झाला तर नानांच्या 'एका मेसेजवरून' ह्याला उत्तर मिळेल.

---

सडेतोड नाना

आरक्षणाचा जोक वाईट आहे हे मान्य. बाकी माझा मुद्दा तोच, प्रोसिजर पाहिजे.

---

चहाबिस्कीट

प्रोसिजर म्हणाल तर मल्याळम सिनेमावाल्यांचं बघा, तीही कलाकारांची संघटनाच, अम्मा नाव. २०१७ मध्ये एका नटीवर चालत्या गाडीत अत्याचार झाला, त्यानंतर सरकारने न्या. हेमा समिती नेमली. समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला आणि तो बाहेर आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही गाळून. साडेचार वर्षं कपाटात! बाहेर आल्यावर आठवड्याभरात अम्माच्या अख्ख्या कार्यकारिणीने राजीनामे दिले. अध्यक्षपदावर पहिली बाई आली ती २०२५ मध्ये. तिथेही सगळ्यांचं कुटुंबच होतं, नावच आई.

अवांतर: डीपीचा जोक मी आमच्या ऑफिस ग्रुपवर मागच्याच आठवड्यात टाकलाय. डिलीट करून आलो.

---

लीड्सकर

मूळची साताऱ्याची, आता इकडे यूकेमध्ये कौन्सिलच्या प्लॅनिंग विभागात. इकडे सगळं गोड आहे असं समजू नका. इथली प्लॅनरांची मोठी संस्था, रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूट, १९१४ ची. पहिली बाई अध्यक्ष, सिल्व्हिया लॉ, १९७४ मध्ये. साठ वर्षं लागली.

फरक एवढाच की इकडे मेंबर होताना आचारसंहितेला बांधील होता आणि ती मोडली तर समज देण्यापासून मेंबरशिप जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि नावापुढची अक्षरं गेली की नोकरी शोधताना फटका बसतो. तुमच्याकडे पण टेंडरमध्ये मेंबरशिप मागतात ना? मग संस्थेकडे दात आहेत, चावायची इच्छा नाही एवढंच.

तुमच्या संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, 'संस्थेच्या हिताला बाधक वर्तन' असं काही कलम असेलच बघा. सहसा वर्गणी थकवणाऱ्यांसाठी किंवा विरोधी पॅनलसाठी वापरतात ते.

---

रेखांकन

लीड्सकर, आहे! आत्ता घटना काढून बघितली, हुबेहूब तसंच कलम आहे. माझ्या आठवणीत फक्त एकदा वापरलंय, एका सभासदाने ऑडिटवर प्रश्न विचारला तेव्हा.

निवृत्त मॅडम, तुमच्या ड्रायव्हरचं वाचून रडू आलं मला ऑफिसात. तो लेखी विचारण्याचा सल्ला वापरला. ईमेल केला, तुम्ही म्हणालात तसं एका ओळीचा. दोन दिवस उत्तर नाही, मग फोन आला की तातडीची कार्यकारिणी घेऊ. आता तिथे मी मागू काय? म्हणजे लगेच मागण्यासारखं काय आहे? आणि प्रोसिजरचं नाना म्हणतायत ते मला पण वाटतं, उद्या सगळं फिसकटलं तर?

---

कलमकसाई

प्रोसिजरबद्दल नाना बरोबर आहेत आणि हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये. गोवा विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाचं प्रकरण २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टात निघालं. समितीने इतकी घाई केली होती, दिवसामागून दिवस सुनावण्या, माणसाला बाजू मांडायला धड वेळच दिला नाही, की कोर्टाने बडतर्फी रद्द करून चौकशी परत मागे पाठवली. घटना २००९ च्या आसपासच्या. म्हणजे त्या मुलींना चौदा वर्षांनी परत पहिल्या पायरीवर. त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं की डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए वगैरेंच्या वैधानिक संस्थांमध्ये अशा समित्या आहेत का ते तपासा. तुमची संस्था वैधानिक नाही, सोसायटी आहे, त्यामुळे तो आदेश थेट तुमच्या अंगावर येत नाही, पण कार्यकारिणीत वाचून दाखवायला हरकत काय?

आणि हे काही नवीन नाही. २०१२ मध्ये मेधा कोतवाल-लेले खटल्यात, पुण्याच्या आलोचना संस्थेच्या मेधाताई, त्यांच्या पत्रावरूनच याचिका दाखल झाली होती, त्यातही कोर्टाने बार कौन्सिल, मेडिकल कौन्सिल, आर्किटेक्ट कौन्सिल यांना सांगितलं होतं की तुमच्याशी संलग्न संस्थांत विशाखा पाळली जाते का ते बघा.

तर मागायचं काय. सर दोषी आहेत असा ठराव मागू नका, तो अधिकार कार्यकारिणीला नाही आणि असा ठराव झाला तर सरांच्याच फायद्याचा. फक्त अंतर मागा. चौकशी पूर्ण होईपर्यंत व्हायवाच्या पॅनलवर नाहीत, तिच्याच नव्हे, कोणाच्याच, नाहीतर 'हिच्याच का' हा प्रश्न आपोआप तिचं नाव सांगतो. सत्कार पुढे ढकला. रद्द नको, पुढे ढकला. नोकरीतही चौकशी चालू असली की बाईला दुसरीकडे बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, त्यात कोणी दोषी ठरत नाही, तसंच हे. चौकशीला निम्म्याहून कमी बायका नकोत, आणि कार्यकारिणीच्या बाहेरचं माणूस पाहिजेच, कारण तुमचे अकराच्या अकरा जण सरांच्या हातचे पेढे खाल्लेले असणार. आणि ताई, तुम्ही स्वतः चौकशीत बसू नका. तिने तुम्हाला सांगितलंय म्हणजे तुम्ही साक्षीदार.

बदनामीच्या भीतीबद्दल, योग्य समितीकडे खरेपणाने दिलेली तक्रार म्हणजे बदनामी नव्हे. आणि कलम १४ ची भीती कोणी घातली तर, तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे खोटी असं कायदा म्हणत नाही, मुद्दाम खोटी केली हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

---

नगररचना_निवृत्त

आणि मिनिट्स तूच लिहितेस ना? मग शब्द सोडू नकोस हातातून.

---

रेखांकन

अपडेट. जास्त तपशील देत नाही.

बैठक झाली. साडेतीन तास. पहिला तासभर ही बातमी बाहेर गेलीच कशी यावर. मग एकजण म्हणाले की आमच्याही मुलीबाळी आहेत, मग दुसरे म्हणाले, आहेत ना, मग? तिथून जरा वातावरण बदललं. सहा विरुद्ध चार, अध्यक्ष तटस्थ. व्हायवाचं पॅनल यंदापुरतं पूर्ण नवीन. सत्कार पुढे ढकलला. मसुद्यात कोणीतरी 'वेळेअभावी' असं घातलं होतं. मी म्हटलं वेळ भरपूर आहे, त्या स्लॉटमध्ये आता काय करायचं हा प्रश्न पडलाय. बरंच ताणल्यावर 'प्राप्त तक्रारीच्या अनुषंगाने' असं लिहिलं गेलं. तीन शब्दांसाठी पाऊण तास. बाहेरच्या सदस्याचं नाव अजून ठरत नाहीये, जी दोन नावं मी सुचवली ती 'फार कडक' आहेत म्हणे.

पिवळा झोन, तुम्ही म्हणालात तसा रजिस्ट्रेशन डेस्कवरच्या मुलाशी बोलले. त्याने नुसतं 'अजून एक का' असं विचारलं.

सरांचा मला फोन आला होता. आवाज नेहमीसारखाच, प्रेमळ. 'बेटा, माझ्याशी आधी बोलायचं होतंस.' मी काही बोलले नाही, कॉलची वेळ लिहून ठेवली.

मुलीने तक्रार स्वतः लिहिली, हाताने, चार पानं. स्थानिक समितीकडे द्यायची आहे. पोलिसांचं नंतर बघू म्हणते, मी त्यावर काही बोलत नाही. कलमकसाई ताई, ऑफिसात सांगितलं की सहा प्रती लागतात, बरोबर आहे का? आम्ही झेरॉक्सला गेलो होतो, तिने कागद दुकानदाराच्या हातात दिलेच नाहीत, मी स्वतः काढते म्हणाली. प्रत्येक पान उलटं धरून मशीनवर ठेवत होती.

---

कलमकसाई

सहा बरोबर. मेसेजच्या प्रिंटआउटही सहा, आणि साक्षीदारांची नावं-पत्ते वेगळ्या कागदावर. पोच घ्या, तारखेचा शिक्का मारलेली. समितीसमोर तिच्या बाजूने वकील चालत नाही, त्यामुळे मी आत येणार नाही, पण बाहेर बाकावर बसू शकते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.